आईचं वजन जातं कुठे?

बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जन्मलेलं पावणेतीन किलोंचं बाळ नीट अंगावर प्यायलं, तर पाच-सहा महिन्यांत साडेपाच किलोंचं होतं. चक्क दुप्पट! आणि या सगळ्या काळात त्याच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काहीही गेलेलं नसतं. जायला नको असतं, पाण्याचा घोटसुद्धा नाही. गालांवर चढलेलं बाळसं, मांड्यांच्या वळ्या, लांबलेली हाडं, डोक्याचा घेर वाढवणारा मेंदू, हे सगळं एका बाईच्या अंगातून थेंबाथेंबानं दुसऱ्या अंगात गेलेलं असतं. म्हणूनच ‘बाळंतपणात वाढलेलं माझं वजन कधी उतरणार?’ हा लेकुरवाळीचा प्रश्न मला फार मोठा वाटतो. आरशापुढे उभं राहून विचारला, तरी त्याच्या उत्तरात दोन जिवांचा हिशेब असतो.

पहिला भाग झटपट आटोपतो. बाळंतपणाच्या दिवशीच पाच-सहा किलो उतरतात. त्यात बाळ आलं, वार आली, गर्भजल आणि थोडं रक्त आलं. पुढच्या आठवडाभरात घामावाटे आणि लघवीवाटे आणखी दोन-तीन किलो पाणी निघून जातं. बाळंतिणीला रात्री दरदरून घाम फुटतो तो याचसाठी. त्याच वेळी गर्भाशय आक्रसायला लागतं. प्रसूतीनंतर लगेच ते साधारण एक किलोचं असतं आणि सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. फुगलेल्या स्नायूंमधली प्रथिनं शरीर स्वतःच विरघळवतं आणि दुसरीकडे कामाला लावतं. या कामात बाळाचाही हात असतो. ते स्तनाला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्यानं पान्हा फुटतो आणि त्यानंच ओटीपोटात कळ येऊन गर्भाशय आवळतं. आपल्याकडचा सव्वा महिना, म्हणजे शेक-शेगडी, मालीश आणि बाजेवरची विश्रांती, गर्भाशय जागेवर येण्याच्या सुमारासच संपतो. आजीबाईंनी हा काळ कसा ठरवला असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

एवढं होऊनही काही किलो उरतातच. पोट, कंबर आणि मुख्य म्हणजे मांड्या जुन्या मापाला येत नाहीत. हीच खरी गोष्ट आहे.

चांगलं खाऊन-पिऊन असलेली बाई गरोदरपणात तीन-चार किलो चरबी साठवते, तीही बहुतेक गर्भ अजून लहान असतो त्या मधल्या महिन्यांत. मराठवाड्यात पूर्वी घरोघरी ज्वारीची पेवं असत. सुगीला जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यात धान्य भरायचं, तोंड बंद करायचं आणि अडचणीच्या दिवसांशिवाय त्याला हात लावायचा नाही. मांड्या आणि नितंबांवरची चरबी असंच पेव आहे. एरवी ती हलता हलत नाही. उपास करा, चाला, आधी चेहरा आणि दंड उतरतात, मांड्या तशाच. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वीडनमधल्या संशोधकांनी बायकांच्या मांडीतल्या आणि पोटावरच्या चरबीचे बारीक नमुने घेऊन तपासले. गरोदर नसताना आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला मांडीची चरबी साठवणीच्या कामात असते. अंगावर पाजणाऱ्या आईच्या मांडीत मात्र साठवण मंदावते आणि चरबी सुटायला लागते. रक्तातली चरबी पेशीत ओढून घेणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर स्तनपानाच्या काळात मांडीत कमी होतं आणि स्तनात वाढतं. एकाच अंगात एका जागेचं दार बंद होतं आणि दुसऱ्या जागेचं उघडतं, तेही बाळ प्यायला लागलं म्हणून!

ही चरबी नुसतं इंधन नसते. आईच्या दुधातल्या स्निग्धांशाचा बराच मोठा वाटा आज सकाळी खाल्लेल्या भाकरीतून न येता तिच्या अंगात आधीपासून साठलेल्या चरबीतून येतो. त्यात डीएचए नावाचं मेदाम्ल असतं, जे बाळाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात जाऊन बसतं. लेकरू आईकडे बघून पहिल्यांदा हसतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत तिच्याच चरबीचा अंश असतो. शरीरशास्त्रात याहून सुंदर वाक्य मला सापडलेलं नाही.

आता आकडे. अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं विद्यापीठ यांच्या तज्ज्ञगटाचा ऊर्जेच्या गरजेवरचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी ८०० ग्रॅमच्या आसपास दूध घेतं, असं त्यात धरलं आहे. ते दूध तयार करायला आईला रोज सुमारे ६७५ किलोकॅलरी लागतात. सुदृढ आईच्या बाबतीत यातल्या साधारण १७० तिच्या साठ्यातून निघतात आणि उरलेल्या ५०५ तिनं ताटातून घ्यायच्या. साठ्यातून रोज एवढं गेलं, तर महिन्याला पाऊण किलोच्या आसपास वजन आपोआप उतरतं आणि सहा महिन्यांत गरोदरपणातली साठवण संपते. हिशेब इतका चोख बसतो की हात जोडावेसे वाटतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही याला धरूनच आहे. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० किलोकॅलरी जादा हव्यात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३३० किलोकॅलरी असतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर पावणेदोनशे-एकशेऐंशी ग्रॅम पीठ, आपल्याकडच्या दोन ते तीन भाकऱ्या, रोज अधिक. नुसत्या भाकरीनं भागत नाही, डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, पालेभाज्या लागतातच. पण दूध किती महाग असतं ते भाकरीत मोजलं की कळतं.

आपलं दूध पातळच असतं, त्यात चार टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश. उत्तर अटलांटिकच्या बर्फावर वाढणारी हूडेड सील नावाच्या प्राण्याची मादी आपल्या पिलाला फक्त चार दिवस पाजते. तिच्या दुधात सुमारे साठ टक्के चरबी असते. चार दिवसांत पिलू दुप्पट होतं आणि आई रोज कित्येक किलोंनी उतरते. तिचं पिलू लवकरच समुद्रात उतरून पोहणार असतं. आपलं लेकरू वर्षभरानंतर पहिलं पाऊल टाकणार, त्याचा मेंदू वर्षानुवर्षं वाढत राहणार. म्हणून माणसाच्या आईला निसर्गानं हे काम सावकाश, महिनोन् महिने करायला दिलं. तिचं वजनही सावकाशच उतरावं, अशी ही रचना आहे.

मग अंगावर पाजूनही काहींचं वजन तसूभर हलत नाही, ते का? प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक दूध तयार करवतं, तसं ते भूकही वाढवतं. पाजायला बसलं की घसा कोरडा पडतो, उठलं की भूक लागते. १९९४ साली अमेरिकेतल्या पाजणाऱ्या आयांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जणींनी बारा आठवडे नेमानं व्यायाम केला, बाकीच्यांनी केला नाही. व्यायामानं दुधाचं प्रमाण कमी झालं नाही, दूध बिघडलंही नाही. पण वजन दोन्ही गटांत जवळपास सारखंच उतरलं, कारण व्यायाम करणाऱ्या तेवढंच जास्त जेवल्या! पुढे २००० साली मूळचं वजन जास्त असलेल्या चाळीस आयांचा अभ्यास आला. बाळ महिन्याचं झाल्यावर काही जणींनी खाणं रोज सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी केलं आणि आठवड्यातून चार दिवस व्यायाम केला. दहा आठवड्यांत त्यांचं वजन पावणेपाच किलोंच्या आसपास उतरलं, आठवड्याला साधारण अर्धा किलो. त्यांच्या बाळांची वाढ दुसऱ्या गटातल्या बाळांइतकीच झाली.

म्हणजे ज्या बाईचं वजन मुळात जास्त आहे, घरात कामाला माणसं आहेत आणि ताटात काही कमी नाही, तिच्यासाठी वाट मोकळी आहे. पहिले सहा आठवडे वजनाचा विचार सोडून द्यावा. नंतर रोज चालावं. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून वाढवत जावं. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवू नये. एक वेळचं जेवण तोडू नये, पाणी-फळांवर दिवस काढू नये. डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू मला जिवापाड प्रिय आहेत आणि त्यांची निंदा मी ऐकून घेणार नाही. पण ते ज्या बायकांसाठी वळले गेले, त्या महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा दळण-कांडणाला आणि शेतातल्या कामाला लागत. दिवसभर बसून काम करणारीनं तूप-गुळाचे चार-चार लाडू पाचव्या महिन्यातही चालू ठेवले, तर साठवण रिकामी व्हायची कशी? रोज एक पुरे. आणि सगळं करूनही वजन वाढतच असेल, किंवा कारण नसताना झपाट्यानं उतरत असेल, तर थायरॉईड तपासून घ्यावं. बाळंतपणानंतर त्याचा बिघाड अनेकींना होतो आणि थकव्याच्या नावाखाली दबून राहतो.

इथपर्यंतची गोष्ट भरलेल्या पेवाची झाली. पण मी ज्या बीड जिल्ह्याबद्दल लिहितो आहे, तिथल्या हजारो आयांचं पेव कधी भरलेलंच नसतं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या भागांतून माणसांनी भरलेले ट्रॅक्टर आणि ट्रक निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालायची आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ऊस तोडायचा. बाई पहाटे चारला उठून स्वयंपाक करते, फडावर जाते, वाढं छाटते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. तिचं तान्हं लेकरू उसाच्या सावलीत साडीच्या झोळीत असतं. पाजायला थांबलं की काम मागं पडतं, दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड, पडतो. सव्वा महिना तिच्या वाट्याला येईलच, याची शाश्वती नाही.

या बाईचं वजन कधी उतरणार, असं विचारायची वेळ येत नाही. ते उतरतंच, भीती वाटावी इतकं. आणि तरीही ती पाजते.

गरीब घरांतल्या मातांच्या दुधावर भारतातले थोर पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी १९५० च्या दशकात काम केलं. अपुरं खाणाऱ्या या आया एकेक मूल वर्ष-दोन वर्षं अंगावर पाजत होत्या आणि त्यांच्या दुधातली प्रथिनं खात्यापित्या आयांच्या दुधाच्या जवळपास होती. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात, केनेबा नावाच्या खेड्यात अँड्र्यू प्रेंटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाजणाऱ्या शेतकरी बायकांना रोज भरपूर पूरक आहार दिला. दूध वाढेल अशी अपेक्षा होती. ते वाढलं नाही. आधीच्या उपाशी दिवसांतही त्यांच्या शरीरानं दूध जवळजवळ पूर्ण राखलेलं होतं. तुटवडा झाला की तो आधी आईच्या अंगावर पडतो आणि बाळाच्या दुधावर सगळ्यात शेवटी. हे वाचून मी थक्क झालो आणि त्याच क्षणी मला काळजीनं घेरलं. दूध चांगलं येतंय, बाळ बाळसं धरतंय, म्हणजे आई ठीक आहे, असं समजून घरदार निश्चिंत होतं, ते या राखण्यामुळेच.

सगळंच राखता येतं असं मात्र नाही. दुधातलं अ जीवनसत्त्व, बी-१२, बी-१ आणि आयोडीन हे आईच्या खाण्यावर अवलंबून असतं. ताटातून पालेभाजी, दूध, अंडं गेलं की दुधातूनही ते कमी होतं. कॅल्शियमचं उलटं आहे. ताटात असो-नसो, दुधात ते येतंच, कारण शरीर ते हाडांतून काढतं. पाजण्याच्या पहिल्या सहा महिन्यांत आईच्या कण्याच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता तीन ते सात टक्क्यांपर्यंत उतरू शकते. उतारवयात एवढी झीज व्हायला कित्येक वर्षं जातात. पण पाजणं कमी झालं, पाळी सुरू झाली, इस्ट्रोजेन हे संप्रेरक परतलं, की हाडं पुन्हा भरून येतात. एकदा पोखरून पुन्हा तितकीच भक्कम होणारी हाडं हे या काळातलं मला सगळ्यात अद्भुत वाटलेलं काम आहे.

हे इस्ट्रोजेन येतं अंडाशयातून. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून बीड जिल्हा देशभर बातम्यांत आला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यातल्या कित्येक जणी ऐन तिशीतल्या, म्हणजे दोन-तीन लेकरं नुकतीच पाजून झालेल्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली गेली, तर हाडांची भरपाई करणारं इस्ट्रोजेनच थांबतं. दुधातून दिलेलं कॅल्शियम मग परत येत नाही. कंबर धरून चालणारी पस्तिशीची बाई आपल्याला ‘कामानं थकलेली’ वाटते. तिच्या हाडांचा हिशेब कुणी मांडलेला नसतो.

मुळात हे पेव भरतं किती, तेही बघू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा मोठा अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधी त्या बायकांचं सरासरी वजन होतं बेचाळीस किलोंच्या आसपास आणि बाळं सरासरी २.७ किलोंची. गरोदरपणात जड काम उपसणाऱ्या बायकांची बाळं आणखी लहान निघाली. पालेभाजी, फळं आणि दूध नेमानं खाणाऱ्यांची मोठी. बेचाळीस किलोंच्या बाईनं साठवून साठवून साठवायचं किती? त्यातही बीडमध्ये वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. सतरा वर्षांच्या आईची स्वतःचीच हाडं अजून भरत असतात. तिच्या अंगात दोन वाढी एकाच ताटावर बसलेल्या असतात.

याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के बायका गरजेपेक्षा हडकुळ्या आणि २३.४ टक्के गरजेपेक्षा जाड निघाल्या. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच तालुक्यात, एका लेकुरवाळीला वजन उतरवायचं असतं आणि दुसरीला ते टिकवायचं असतं. दोघींच्या अंगात यंत्रणा तीच आणि बाळाची भूकही तीच. म्हणून वजनाबद्दलचा एकच सल्ला सगळ्यांना वाटत सुटणं मला चूक वाटतं. ज्या आईचं वजन पंचेचाळीस किलोंच्या खाली आहे आणि अजून घसरतंय, तिच्यासाठी ‘पाजलं की बारीक होतेस, चांगलंच आहे’ हे बोलणं घातक आहे. तिला दोन भाकऱ्या जास्त, वाटीभर डाळ, रोज एक अंडं किंवा पेलाभर दूध, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि ओझ्यापासून काही महिने सुटका हवी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार हा तिचा हक्क केला आहे. ती फडावर गेली की हक्क गावातच राहून जातो, हे आपल्याला थांबवता आलं पाहिजे.

सुरुवात मात्र एका साध्या गोष्टीनं करता येईल. बाळाचं वजन आपण दर महिन्याला करतो, तक्त्यावर लिहितो, रेषा वर जाते का ते बघतो. ज्या अंगातून ते वजन आलं, त्या आईला प्रसूतीनंतर क्वचितच कुणी काट्यावर उभं करतं. २०१८ पासूनच्या पोषण अभियानात अंगणवाड्यांना बाळाबरोबर आईचंही वजन करता येईल असे काटे देण्याची तरतूद आहे. तेव्हा अंगणवाडीताई, आशाताई, घरातल्या सासवांनो आणि नवरेमंडळींनो, पुढच्या वेळी बाळाचं वजन झालं की त्याच काट्यावर आईलाही उभं करा आणि तो आकडा बाळाच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. दोन महिने सलग तो झपाट्यानं उतरलेला दिसला, तर तिला डॉक्टरकडे न्या आणि त्या दिवसापासून तिचं ताट आधी वाढा.